सियारूदचा वाटाड्या

सोमवार, मेहर ३

आज मी एक थाप मारली, आणि ती इतकी झकास जमली की अजून हसू आवरत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून मिनीबसच्या फेऱ्या लिहायची एक कोरी वही उरली होती ती काढली. "सुटण्याची वेळ", "पोहोचण्याची वेळ" असे रकाने छापलेले आहेत. मी आडवं लिहितोय.

झालं असं की मी मश रजबच्या चहाखान्यात बसलो होतो. निवृत्त ड्रायव्हरला दुसरी जागा तरी कुठली? दारात एक बाई आली. पायांत गमबूट, पाठीवर तिच्याएवढी पिशवी, चष्म्यावर वाफ. म्हणाली, "मी डॉक्टर सोतूदे. तेहरानहून आले." रजबने लगेच विजार वर करून दुखरा गुडघा पुढे केला.

"माणसांची नाही हो," ती म्हणाली, "झाडांची डॉक्टर. सियारूदच्या जंगलात काय काय आहे ते मोजायचंय. वाटाड्या हवाय. जंगल ओळखणारं कुणी आहे का इथं?"

रजब गुडघा झाकत म्हणाला, "खानुम, तिथं आहे काय? चिखल आणि अस्वलं. थांबा, पुढच्या साली रस्ता होतोय, मग गाडीत बसून बघा."

सगळे खो खो हसले. बाईचा चेहरा पडला. आणि मला काय झालं खुदा जाणे, मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मी ओळखतो. माझ्या मिनीबसच्या इंजिनाइतकं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या! रजबच्या हातातला पेला तिरका झाला. काय मजा आली म्हणून सांगू.

खरं काय ते इथं लिहून ठेवतो. एकतीस वर्षं मी फूमन ते आमचं गीलसरा गाडी चालवली. सियारूदचं जंगल रस्त्याच्या डाव्या हाताला. ते मी काचेतून पाहिलंय, आणि आत शिरलो तो फक्त ज्या कामासाठी प्रत्येक ड्रायव्हर गाडी थांबवून झाडाआड जातो, त्या कामासाठी.

मंगळवार, मेहर ४

तूबाला सांगितलं. ती लोणच्यासाठी लसूण सोलत होती.

"कसली डॉक्टर?"

"झाडांची."

"आणि वाटाड्या कोण?"

मी छाती पुढे काढली. तिने सुरी खाली ठेवली. "हैबत, अंगणातलं अंजिराचं झाड पानं गळली की तुला ओळखू येत नाही."

"तेच म्हणतोय. सोबत स्वयंपाकाला कुणी तरी..."

"येते."

माझं वाक्य पुरं झालं नव्हतं. मी म्हटलं, तुझे गुडघे, तिथली ओल, शिवाय अस्वलं. "येते म्हटलं ना," ती म्हणाली, आणि हात न धुताच माळ्यावर चढली. बराच वेळ वरून खुडबुड ऐकू येत होती. खाली आली तेव्हा हातात जुने रबरी जोडे होते आणि केसांत कोळ्याचं जाळं.

माझ्याशिवाय करमत नाही बिचारीला. चौतीस वर्षं झाली लग्नाला, तरी.

गुरुवार, मेहर ६

पहिला दिवस. पाय माझे राहिले नाहीत, पण मन हवेत आहे.

वाटाड्याने पुढे चालायचं असतं. मी पुढे, मधे डॉक्टरबाई, मागे तूबा, हातात किटली, कमरेला चौकड्यांच्या कापडाची चादरशब बांधलेली. डॉक्टरबाई झाडापाशी थांबायच्या, मी नाव सांगायचं. मला एक नाव पक्कं ठाऊक होतं: राश. म्हटलं, निम्मं जंगल राशीचं असतं, दामटून सांगावं.

"हे?"

"राश."

"आणि हे?"

"म्हातारं राश."

मागे टण्ण! तूबाने चमचा किटलीवर आपटला. पुढच्या झाडाला पुन्हा राश म्हणालो, पुन्हा टण्ण. मी चिडलो. जेवायला बसलो तेव्हा ती भात वाढता वाढता माझ्या कानाशी म्हणाली, "मी वाजवलं की तोंड मिट. मग मी खोकते त्यात नाव असतं."

दुपारनंतर तसं केलं. टण्ण, खोक, "ममरझ." टण्ण, खोक, "तूसका." कमाल म्हणजे एकही चुकलं नाही. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आगा हैबत, दुपारनंतर तुमची नजर एकदम उघडली." मी म्हटलं, "जेवलो की असं होतं."

एके ठिकाणी दोन खोडं जमिनीतून वेगवेगळी निघाली होती आणि छातीच्या उंचीवर एकमेकांत घुसली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, ही झाडं दोन की एक? मी म्हणालो दोन. चमचा वाजला नाही. तूबा सरळ बोललीच. "आता एक. अंजिली आहे ती. फांद्या एकमेकींना घासतात, साल झिजते, मग आतून जुळतात. सुटं करायचं म्हटलं तर कुऱ्हाडच लागते."

डॉक्टरबाईंनी हे वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. बाहेरच्या माणसासमोर ती इतकं बोलते हे मला नवीन होतं. माझा धीटपणा लागला असणार तिला.

एकूण एकोणीस झाडांची नावं बरोबर सांगितली. (तूबाची थोडी मदत.)

सोमवार, मेहर १०

आज मी हरवलो. सगळं लिहितो, इथं कोण वाचणार आहे?

वाटाड्या म्हणून जरा पुढे जाऊन वाट बघून येतो म्हणालो आणि वरून धुकं उतरलं. दहा पावलांवरचं दिसेना. मी उजवीकडे गेलो, मग पुन्हा उजवीकडे, आणि ज्या दगडावरून निघालो त्याच दगडापाशी आलो. तिसऱ्यांदा तोच दगड भेटल्यावर मी त्याच्यावर बसलो आणि रडलो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, नाव हैबतुल्ला. मनात मश रजबचं हसू ऐकू येत होतं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. लांब, उंच, शेवटी वळसा घेणारा. "हो-ओ-ओ-हूय!" पुन्हा. अंगावर काटा आला. मी आवाजाच्या दिशेने धडपडत गेलो, तर चाळीस पावलांवर तूबा उभी, दोन्ही हात तोंडाशी.

"ही कसली हाक?" मी विचारलं.

"गाईची," ती म्हणाली. "चुकलेल्या गाईची."

डॉक्टरबाई तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. मलाही हसू आलं. धुकं फाटलं, खाली राशीच्या पिवळ्या पानांची उतरण दिसली, गुडघाभर पानं. तूबाने जोडे काढले, हातात घेतले आणि अहो, त्रेपन्न वर्षांची बाई धावत सुटली! पानांवरून घसरत, ओरडत, चादरशब उडते आहे, थेट खालपर्यंत. मग डॉक्टरबाई गेल्या, पिशवीसकट. मग मी. मी बसूनच गेलो, पण मोठ्या वेगाने. खाली तिघांचा ढीग झाला. किती वेळ हसलो कुणास ठाऊक. हसता हसता उचकी लागली, उचकीचं हसू आलं.

तूबाचे डोळे ओले होते. पाला गेला असेल डोळ्यांत.

मंगळवार, मेहर ११

तूबा गालेशांची लेक आहे. वर जंगलात गुरं राखणारे गालेश. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चौतीस वर्षांपूर्वी मी वरच्या कुरणावरून तिला खाली आणली होती. पण आपल्या पहिल्या गाडीचा नंबर जसा विसरतो, तसं ते विसरलो होतो.

आता आठवतं. निघताना तिच्या बापाला, शीरअलीला, मी म्हणालो होतो, "काळजी करू नका, माझ्याकडे गाडी आहे, दर उन्हाळ्यात घेऊन येईन." पहिल्या उन्हाळ्यात इंजिन बसलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगी झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात काय होतं ते आठवत नाही. पुढे तिने विचारणं थांबवलं, आणि ते मला सोयीचं वाटलं.

तिला त्याचं काही वाटलं असावंसं दिसत नाही. कधी बोलली नाही.

शुक्रवार, मेहर १४

आज सुट्टीचा वार, तरी गेलो. आता घरात बसवत नाही. तूबा तर पहाटेच तयार असते.

मोठी राश मरून आडवी पडली होती. डॉक्टरबाई तिच्यावर बसल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "मी दोन वर्षं बोर्नियोच्या जंगलात होते. तिथं बारा महिने पाऊस, बारा महिने हिरवं. पान पडलं की बघता बघता कुजून पुन्हा झाडात जातं. त्या जंगलाची सगळी दौलत वर, झाडांच्या अंगात. झाड कापलं की खाली राहते नुसती तांबडी, उपाशी माती. इथं उलटं. ही झाडं दर आबानमध्ये, पानगळीच्या महिन्यात, अंगावरचं सगळं काढून खाली टाकतात आणि हिवाळाभर उघडी उभी राहतात. इथली दौलत पायाखाली."

त्यांनी ओंजळभर पाला उचलला. काळा, ओला, गरम वास. तूबा पुढे सरकली आणि बोटाने दाखवू लागली: ही गोगलगाय, ही गोम, हा पांढरा धागा म्हणजे अळंबीचं मूळ, हा किडा मेलेल्या राशीतच राहतो, जिवंत झाडात नाही. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. तूबा म्हणाली, "बाबा ओरडायचे आम्हाला. हळू चाला रे, खाली सगळे जेवतायत."

मी पाय उचलून घेतले. घरी येईपर्यंत टाचांवर जोर द्यायला भीती वाटत होती.

मग डॉक्टरबाईंनी खरी गोष्ट सांगितली. याच मेहर महिन्याच्या एकोणतीसला जिल्ह्याचे इंजिनिअर गावात बैठक घेणार आहेत. नवा रस्ता सियारूदच्या बरोबर मधून आखलाय. वर शमशादचं, त्या बारमाही हिरव्या झाडांचं, एखादं जुनं, जिवंत बन सापडलं तर आखणी हलवावी लागेल, कारण शमशाद आता कुठं राहिलेत? आधी रोग आला, मग पतंगाच्या अळ्या आल्या, दहा वर्षांत डोंगरच्या डोंगर वाळले. "एकच बन हवंय मला," त्या म्हणाल्या. "एक."

तूबा भांडी घासू लागली. घासलेलीच पुन्हा घासत होती.

आता नको ती गोष्ट. रस्ता मिळावा म्हणून गावाने अर्ज केलाय, त्यावर माझी सही आहे. पाचवी. रजबने कागद पुढे केला, मी केली. रस्ता चांगलाच असतो, असं मला एकतीस वर्षं वाटत आलंय. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. तूबालाही नाही.

सोमवार, मेहर १७

शमशादचं बन सापडलं. मेलेलं.

ओढ्याकाठी शे-दीडशे झाडं, सगळी राखाडी. एक पान नाही. फांद्यांवर शेवाळ मात्र हिरवंगार लोंबतं आहे, त्यामुळे लांबून जिवंत वाटली आणि मी ओरडत धावत गेलो. हात लावला तर फांदी कटकन हातात आली.

डॉक्टरबाईंनी पिशवी उतरवली. खाली बसल्या आणि नुसत्या मोजू लागल्या. शंभरावर गेल्यावर पेन्सिल थांबली. मी त्यांना खिशातला कुलूचे, आमच्याकडचा गोड बिस्किटाचा तुकडा, दिला, त्यांनी तो न खाता हातात धरून ठेवला.

परतताना तूबा एकदम थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणखी एक जागा आहे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"नाही बोलले."

घरी येऊन तिने सांगितलं. शमशादचा पाला गाईने खाल्ला तर गाय मरते. म्हणून गालेशांची पोरं शमशादच्या घळीपाशी गुरं राखायला बसतात. तूबा नऊ वर्षांची होती. दुपारी तिचा डोळा लागला. माहपारे नावाची गाय, घरातली सगळ्यात दुधाळ, घळीत शिरली. संध्याकाळपर्यंत पाय झाडून मेली. त्या हिवाळ्यात घरात दूध नव्हतं आणि तिचा धाकटा भाऊ आजारी होता.

"मग?"

"मग गेला तो. दुधाने वाचला असता की नाही, कुणाला ठाऊक? बाबांनी मारलं नाही मला. एक शब्द बोलले नाहीत. घळीच्या तोंडाशी अंजिलीची रोपं लावली, विणून टाकली एकमेकांत, आणि म्हणाले, आता इथं कुणी जाणार नाही. मीही गेले नाही."

मी तिला चहा करून दिला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "चहापत्ती टाकायची राहिली." खरंच राहिली होती. नुसतं गरम पाणी. आणि मग ती जी हसायला लागली, जी हसायला लागली! मीही. शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

बुधवार, मेहर १९

पाऊस. डोंगर बंद. चहाखान्यात गेलो, चूक केली.

"या वाटाड्या!" रजब ओरडला. "अस्वलं काय म्हणतात? आणि वहिनींना बरोबर नेतोस म्हणे, भीती वाटते का एकट्याला?"

मी साखरेचा खडा दातात धरला आणि चहा ओढला.

मग तो जवळ येऊन बसला, आवाज उतरवून. "हैबत, तू आमच्यातला माणूस. रस्ता झाला की वर बंगले येतील, माणसं येतील, माझा चहाखाना मोठा होईल, तुझ्यासारख्याला पुन्हा गाडी मिळेल. त्या तेहरानवालीचं काय, ती जाईल मोजून. आपल्याला इथंच राहायचंय. सही केलीस ना?"

केली आहे. आणि त्याचं म्हणणं सगळं खोटंही नाही. गावातलं आजारी माणूस फूमनला न्यायचं तर अजूनही दीड तास लागतो. तो दीड तास मला मिनिटामिनिटाने पाठ आहे.

शनिवार, मेहर २२

घाईघाईने लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे!

तूबा आज पुढे होती. आपसूकच झालं ते. चमचा मीच धरला होता. तीन ओढे ओलांडले, मग एक कडा, मग ती थांबली. समोर भिंत होती. झाडांची भिंत. अंजिली, एकाला एक चिकटलेल्या, फांद्या फांद्यांत रुजलेल्या, पानं अर्धी लाल, अर्धी जांभळी. कुठून खोड सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं आपोआप होत नाही." तूबा म्हणाली, "कुंपण आहे. बाबांचं."

चव्वेचाळीस वर्षांत कुंपणाचं जंगल झालं होतं.

आत शिरायला वाट नव्हती. तूबा एक हात भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, थकली. मी म्हटलं, "बस जरा, मी बघून येतो." तिने मान हलवली. "नाही. मीच."

खालून, पाण्याच्या वाटेने, पोटावर सरपटत गेली. तिच्यामागे डॉक्टरबाई. मी पाण्यातच अडकलो, पोट मधे आलं, तरी ढकलून घेतलं.

आत सगळं हिरवं होतं.

कसं लिहू? वर उजेड हिरवा, खाली पाणी हिरवं, दगड हिरवे. शमशाद, बारीक चकचकीत पानांचे, मांडीएवढ्या जाड खोडांचे, एकामागे एक, घळीच्या पार टोकापर्यंत. एकही वाळलेला नाही. वारा आत येतच नाही त्या घळीत, म्हणून रोग आला नसेल, की अळ्यांना वाट सापडली नसेल, डॉक्टरबाई काहीतरी बोलत होत्या आणि बोलता बोलता त्यांनी हात वर केले आणि नाचायला लागल्या! शिकलेली बाई, गमबुटांत, पाण्यात! "एक मागितलं होतं मी, एक!" मला काय वाटलं, मीही नाचलो. रश्तच्या लग्नात नाचतात तसा, खांदे हलवत. पाय घसरला आणि पाठीवर पाण्यात पडलो. पडून वर बघत राहिलो, उठावंसं वाटेना. डोकं गरगरत होतं. लहानपणी गोल फिरून गवतात पडायचो तसं.

तूबा नाचली नाही. ती एका खोडाशी उभी होती, साल कुरवाळत. मी ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ गेलो. ती हळूच म्हणाली, "इथं पडली होती माहपारे." मग पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हैबत, तुझ्या टोपीत बेडूक आहे."

होताच.

सोमवार, मेहर २४

डॉक्टरबाई म्हणतात, बैठकीत गावातल्या वाटाड्याने बोलायला हवं, बाहेरच्यांचं लोक ऐकत नाहीत. मी भाषण लिहिलं. चार पानं. आरशासमोर तीनदा म्हटलं. "बिस्मिल्लाह, मी, सियारूदच्या पानापानाला ओळखणारा..." फार छान जमलंय.

तूबाला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही छान बोलता."

तुम्ही! ती मला लोकांसमोर तुम्ही म्हणते, आणि रागावली असेल तर. घरात लोक नव्हते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. लसूण उरलाय, सोलायचाय.

काय झालं असेल?

शुक्रवार, मेहर २८

उद्या बैठक. झोप येणार नाही. भाषणाच्या दुसऱ्या पानावर "मी" किती वेळा आलाय ते सहज मोजलं. सतरा.

शनिवार, मेहर २९

शाळेच्या मोठ्या खोलीत अख्खं गाव. पुढे इंजिनिअर, घाम पुसत. डॉक्टरबाईंनी फोटो दाखवले, आकडे सांगितले. रजब उठला. "फोटो काय, कुठलेही आणता येतात. आमचा वाटाड्या इथं बसलाय, त्यालाच विचारा. आणि साहेब, अर्ज काढा. पाचवी सही बघा कुणाची आहे!"

अर्ज निघाला. साहेबांनी नाव वाचलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि तूबानेही. तूबाच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं.

मी उभा राहिलो. चार पानं हातात होती. ती घडी करून खिशात घातली. म्हणालो, "सही माझीच आहे. रस्ता हवा हेही खरं, आजारी माणसं मीच नेत होतो. पण साहेब, मी वाटाड्या नाही. मी एकतीस वर्षं त्या जंगलाशेजारून गाडी हाकली, काचेतून पाहिलं. पहिल्या दिवशी मला एकच झाड ठाऊक होतं, तेही चुकीचं दाखवलं. बाकीची नावं या बाईने खोकून सांगितली. माझं म्हणणं लिहू नका. हिचं लिहा."

खोलीत हशा उसळला. रजब ओरडला, "तूबा, तू तर स्वयंपाकाला गेली होतीस ना?"

तूबा उठली. "हो, मश रजब. म्हणून तर चमचा माझ्याकडे होता."

आता रजबवर हसले लोक. बायका सगळ्यात मोठ्याने.

साहेबांनी पेन काढलं. "नाव?"

मला वाटलं, हैबतची बायको म्हणेल. गावात तिला तेच म्हणतात.

"तूबा. शीरअली गालेशची लेक."

आणि मग तिने सगळं सांगितलं. गाय, झोप, भाऊ, कुंपण. भरल्या गावात. म्हातारी माणसं मान हलवत होती, त्यांना शीरअली आठवत होता. शेवटी म्हणाली, "रस्ता करा. पण खालून, जुन्या गुरांच्या वाटेने करा. पाऊण तास वाचेल, आणि तिथं माती पक्की आहे. वरची माती पानांची आहे, साहेब. दोन हिवाळ्यांत तुमचा रस्ता ओढ्यात जाईल."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "गुरांची वाट? दाखवाल?"

तूबाने त्यांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. "गमबूट आहेत का?"

गुरुवार, आबान ४

तीन दिवस साहेबांना घेऊन तूबा डोंगरात होती. मी किटली घेऊन मागे. कुंपणाखालून सरपटताना साहेबांचा चष्मा वाहून गेला, तरी बाहेर आले ते हसत. आज निरोप आला: आखणी खालून होणार. सियारूद सुटलं!

रजब माझ्याशी बोलत नाही. रस्ता चहाखान्यासमोरूनच जाणार आहे, तरी बोलत नाही. बोलेल.

डॉक्टरबाई आज गेल्या. तूबाला गळामिठी, मला सलाम. मी विचारलं, "माझी लबाडी कधी कळली तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी. तिसऱ्या झाडाला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तूबाखानुम दुसऱ्या दिवशी आल्या असत्या का?" त्या म्हणाल्या. मग गाडीत बसल्या.

पुढच्या वसंतात बन मोजायला माणसं येणार आहेत. वाटाड्याच्या नेमणुकीचं पत्र आलंय, तूबाच्या नावाचं. तिने ते आरशाला टाचून ठेवलंय. आता मला दाढी करताना अर्धाच गाल दिसतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "इतकी वर्षं वर जावंसं वाटत होतं?"

ती म्हणाली, "आता विचारतोयस?"

मी म्हटलं, "हो."

तिने आरशावरचं पत्र सरळ केलं. मग म्हणाली, "रोज."

शुक्रवार, आबान १२

आज काम नव्हतं. डॉक्टरबाई नाहीत, साहेब नाहीत. तूबा सकाळी म्हणाली, "चल."

"कशाला?"

"असंच."

म्हणून हे जंगलात बसून लिहितोय, वही गुडघ्यावर. पानं जवळजवळ सगळी उतरली आहेत, उजेड थेट जमिनीपर्यंत येतोय. तूबाने तिच्या बापाची झोपडी कुठं होती ते दाखवलं. चुलीचे तीन दगड होते, त्यांतल्या एकावर मी बसलोय. दोघंही काही कारण नसताना हसतोय सकाळपासून.

परत निघायचं म्हणून उठलो तर ओढ्याच्या कडेला, दोन दगडांच्या फटीत, एक वीतभर रोप दिसलं. अजून हिरवं. मी म्हटलं, "हे कुठलं?" आणि चमच्याची वाट बघत राहिलो.

तूबा वाकली. पान उलटलं, वास घेतला, जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे असे चमकत होते की काय सांगू.

"ठाऊक नाही!" ती म्हणाली. "हैबत, मला ठाऊक नाही हे!"

आम्ही दोघं त्याच्यापुढे मांडी घालून बसलोय. ती सांगते, मी लिहितो:

खोड काडीएवढं, तांबूस. पानाची कड दातेरी. खालून लव, मांजराच्या कानासारखी. पानं सात.

(पुन्हा मोज म्हणते. आठ.)